सुफ्रेन आणि ह्यूज : दोन नौसेनानींचे तुलनात्मक मूल्यमापन

सेनानीच्या गुणवत्तेची कसोटी कोणती, असा प्रश्न विचारला की ‘विजय’ हे उत्तर बहुधा तत्काळ दिले जाते. जो जिंकला तो श्रेष्ठ आणि जो हरला तो कनिष्ठ, हा न्याय सोपा आहे. परंतु तो नेहमी खरा ठरतोच असे नाही. विजयामागे सैन्यबळ असते, शस्त्रसामग्री असते, हवामान असते, सहकाऱ्यांची साथ असते आणि कधी कधी केवळ योगायोगही असतो. या सर्व गोष्टींतून सेनानीचा स्वतःचा वाटा वेगळा काढणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे खरे काम होय. ज्या युद्धात दोन्ही पक्षांपैकी कोणीही निर्णायक विजय मिळविला नाही, अशा युद्धाचा अभ्यास या दृष्टीने विशेष उद्‍बोधक ठरतो. कारण तेथे जय-पराजयाचा सोपा मापदंड हाती राहत नाही आणि अभ्यासकाला खोलात शिरावेच लागते.

असे एक युद्ध भारताच्या पूर्व किनाऱ्यावर घडले. १७ फेब्रुवारी १७८२ ते २० जून १७८३ या सोळा महिन्यांच्या काळात फ्रेंच नौसेनानी पिएर आंद्रे द सुफ्रेन आणि इंग्रज नौसेनानी सर एडवर्ड ह्यूज हे दोघे पाच वेळा समोरासमोर आले. पाचही लढाया घनघोर झाल्या, दोन्ही बाजूंची शेकडो माणसे कामास आली. मात्र या पाच लढायांत एकाही पक्षाची मोठी युद्धनौका शत्रूच्या हाती लागली नाही की बुडाली नाही. मग या दोघांत श्रेष्ठ कोण?

युद्धाची पार्श्वभूमी

अमेरिकेतील वसाहतींनी इंग्लंडविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पुकारल्यानंतर १७७८ मध्ये फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने युद्धात उतरला. या युद्धाची झळ लवकरच भारताला लागली. इंग्रजांनी फ्रेंचांची पाँडिचेरी घेतली. जुलै १७८० मध्ये म्हैसूरच्या हैदरअलीने कर्नाटक प्रांतावर स्वारी केली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पोल्लिलूर येथे कर्नल बेलीच्या फौजेचा धुव्वा उडविला. इकडे पश्चिम भारतात पहिले इंग्रज-मराठे युद्ध चालू होते आणि नाना फडणिसांनी हैदर व निजाम यांच्याशी इंग्रजांविरुद्ध संधान बांधले होते. मद्रासच्या इंग्रजांची स्थिती त्या वेळी अतिशय बिकट होती. भोवतालचा मुलूख उद्ध्वस्त झालेला असल्याने त्यांच्या सैन्याला लागणारे धान्य, दारूगोळा आणि पैसा समुद्रमार्गेच आणावा लागे. म्हणजेच कर्नाटकातील युद्धाची किल्ली समुद्रावर होती.

ही किल्ली किती मोलाची होती, याचा प्रत्यय सुफ्रेन येण्यापूर्वीच आला होता. १७८१ च्या प्रारंभी सर आयर कूट याचे सैन्य कडलूरजवळ अडकून पडले होते. जमिनीवर हैदर आणि समुद्रावर काउंट दॉर्व्हचे फ्रेंच आरमार, अशी ती कोंडी होती. आणखी काही आठवडे फ्रेंच जहाजे तेथे थांबती, तर कूटच्या सैन्यावर उपासमारीची वेळ येती. परंतु दॉर्व्ह हैदरच्या विनंतीला न जुमानता फेब्रुवारीत मॉरिशस बेटाकडे निघून गेला. कूट वाचला आणि १ जुलै १७८१ रोजी पोर्तो नोव्हो येथे त्याने हैदरचा पराभव केला. आरमार तेच आणि शत्रूही तोच. एका सेनानीच्या निर्णयाने मोहिमेचे पारडे फिरले. सेनानीच्या गुणांचा अभ्यास का करावयाचा, याचे उत्तर या एका प्रसंगात सापडते.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. भारताच्या एका मोठ्या प्रांताचे भवितव्य ठरविणाऱ्या या सागरी झगड्यात एकही भारतीय आरमार नव्हते. मराठ्यांचे आंग्रे आरमार फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग येथे जळून नष्ट झाले होते आणि त्या कामी खुद्द पेशव्यांनीच इंग्रजांशी सहकार्य केले होते. हैदरने मंगळूर येथे उभारलेली जहाजे डिसेंबर १७८० मध्ये ह्यूजनेच नष्ट केली होती. परिणामी आपल्याच किनाऱ्यासमोर दोन परकीय आरमारे झुंजत असता हैदरला दुसऱ्याच्या जहाजांवर भिस्त ठेवावी लागली.

दोन प्रतिस्पर्धी

सुफ्रेनचा जन्म १७२९ मध्ये फ्रान्समधील प्रोव्हान्स प्रांतात झाला. तो माल्टाच्या धर्मयोद्ध्यांच्या संघटनेचा सदस्य होता आणि लहान वयातच आरमारात दाखल झाला होता. मार्च १७८१ मध्ये पाच मोठ्या युद्धनौका घेऊन तो ब्रेस्ट बंदरातून निघाला. वाटेत १६ एप्रिल रोजी केप व्हर्द बेटांतील पोर्तो प्राया येथे नांगरलेल्या इंग्रज काफिल्यावर त्याने अकस्मात हल्ला चढविला. लढाई अनिर्णित राहिली. परंतु इंग्रज काफिला आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरील डच वसाहत घेण्यास निघाला होता, त्याच्या आधी सुफ्रेन तेथे पोहोचला आणि वसाहत वाचली. पुढे मॉरिशसहून निघालेल्या आरमाराचा प्रमुख दॉर्व्ह ९ फेब्रुवारी १७८२ रोजी वारला आणि सूत्रे सुफ्रेनच्या हाती आली.

ह्यूज हा वयाने सुफ्रेनपेक्षा मोठा आणि हिंदी महासागराचा दीर्घ अनुभव असलेला अधिकारी होता. १७७३ ते १७७७ या काळात आणि पुन्हा १७७९ पासून तो पूर्वेकडील इंग्रज आरमाराचा सरसेनापती होता. या किनाऱ्यावरील वारे, प्रवाह, बंदरे आणि ऋतू यांची त्याला उत्तम माहिती होती. नोव्हेंबर १७८१ मध्ये डचांचे नागपट्टण आणि जानेवारी १७८२ मध्ये सिलोनमधील त्रिंकोमाली बंदर त्याच्या साहाय्याने इंग्रजांनी घेतले होते.

पहिली कसोटी : उद्दिष्ट

दोन सेनानींची तुलना करताना प्रथम पाहावयाचे ते दोघांपुढील उद्दिष्ट. ह्यूजला नवे काही जिंकावयाचे नव्हते; जे आहे ते राखावयाचे होते. मद्रासचा समुद्रमार्ग खुला ठेवणे, कूटच्या सैन्याला रसद पोहोचविणे आणि कंपनीच्या व्यापाराचे रक्षण करणे ही त्याची कामे होती. आरमार शाबूत राहिले म्हणजे त्याचे बहुतेक काम साधत असे.

सुफ्रेनचे काम याच्या उलट होते. फ्रेंच सैन्य किनाऱ्यावर उतरवून हैदरला साहाय्य करणे, एखादे सुरक्षित बंदर मिळविणे आणि इंग्रजांची समुद्रावरील सत्ता मोडणे हे त्याला करावयाचे होते. त्याने आपले विचार स्पष्ट ठेवले होते : शहरे व व्यापारी जहाजे पकडण्यापेक्षा शत्रूचे आरमार नष्ट करणे महत्त्वाचे, ते झाले की बाकीचे आपोआप साधते. त्या काळच्या फ्रेंच आरमारात जहाजे जपून लढण्याची रीत रूढ होती. तिच्या तुलनेत ही दृष्टी निराळी आणि अधिक दूरची होती.

म्हणून दोघांनाही एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे. अनिर्णित लढाई ह्यूजच्या दृष्टीने जवळजवळ यश होती, तर सुफ्रेनच्या दृष्टीने ते जवळजवळ अपयश होते.

दुसरी कसोटी : साधने

मद्रास ते कडलूर या किनाऱ्यावर मोठ्या जहाजांना आसरा देणारे नैसर्गिक बंदर नव्हते. ऑक्टोबरात ईशान्य मोसमी वारे सुरू झाले की उघड्या समुद्रात नांगरलेली जहाजे किनाऱ्यावर आदळण्याचा धोका असे. त्या बाजूचे उत्तम बंदर एकच, ते म्हणजे त्रिंकोमाली. ते युद्धाच्या प्रारंभी इंग्रजांच्या ताब्यात होते.

याखेरीज इंग्रजांजवळ मुंबई होती. मुंबईची पहिली सुकी गोदी १७५० मध्ये बांधली गेली आणि पुढील पंधरा वर्षांत तिला आणखी दोन गोद्यांची जोड मिळाली. सुरतेहून १७३६ मध्ये आलेले लवजी नसरवानजी वाडिया यांनी तेथील जहाजबांधणीचा पाया घातला होता. १७७४ मध्ये त्यांच्या निधनानंतर त्यांचे पुत्र माणेकजी व बमनजी हे काम पाहत होते. सागवानी लाकूड, कुशल सुतार व लोहार, दोरखंड, डोलकाठ्या अशी सर्व सामग्री तेथे उपलब्ध होती. फुटलेले जहाज कोरड्यात घेऊन तळापासून दुरुस्त करण्याची सोय सुफ्रेनला भारताच्या कोणत्याही किनाऱ्यावर नव्हती. त्याचा जवळचा तळ मॉरिशस हा हजारो मैल दूर होता आणि तेथेही सामग्रीची वानवा होती. त्याच्या काही जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा मढविलेला होता, काहींच्या नव्हता. त्यामुळे जहाजांचा वेग सारखा राहत नसे आणि रांग राखणे अवघड होई.

या परिस्थितीत सुफ्रेनने जे केले ते असामान्य होते. पकडलेल्या इंग्रज जहाजांतील धान्य व दारूगोळा वापरून, लहान जहाजांच्या डोलकाठ्या काढून त्या मोठ्या जहाजांवर चढवून त्याने उघड्या किनाऱ्यावर आपले आरमार पुनःपुन्हा उभे केले. मॉरिशसला परत येण्याचा आदेश मिळाला असताही तो मानला तर हैदरचा विश्वास उडेल, हे ओळखून त्याने किनारा सोडला नाही. दॉर्व्हच्या वर्तनाशी ही तुलना केली म्हणजे सुफ्रेनच्या निर्धाराचे मोल कळते.

तिसरी कसोटी : प्रत्यक्ष रणांगण

त्या काळी सागरी युद्धाची ठरलेली रीत अशी होती की, दोन्ही पक्षांच्या मोठ्या युद्धनौका एकामागे एक अशा रांगेत उभ्या राहत आणि समांतर जाऊन परस्परांवर तोफा डागीत. या रीतीत धोका कमी आणि निर्णयही कमी. सुफ्रेनला ती मान्य नव्हती. शत्रूच्या रांगेच्या एका भागावर आपले अधिक बळ एकवटून, त्या भागाला दोन्ही बाजूंनी कोंडून तो निकालात काढावयाचा, ही त्याची कल्पना होती.

१७ फेब्रुवारी १७८२ रोजी मद्रासच्या दक्षिणेस सद्रासजवळ झालेल्या पहिल्या लढाईत तिचा प्रयोग झाला. सुफ्रेनजवळ बारा आणि ह्यूजजवळ नऊ जहाजे होती. सुफ्रेनने इंग्रज रांगेच्या पिछाडीवर हल्ला चढविला. ‘एक्झिटर’ हे जहाज जर्जर झाले आणि ह्यूजच्या ‘सुपर्ब’ या निशाणाच्या जहाजाचीही मोठी हानी झाली. परंतु फ्रेंच पिछाडीच्या प्रमुखाने व त्याच्या हाताखालील काही कप्तानांनी जवळ जाऊन लढण्याची आज्ञा पाळली नाही. सायंकाळी वारा फिरला आणि ह्यूज बचावला. तथापि या लढाईच्या आदल्या दिवशी ह्यूजने जे केले तेही विसरता येत नाही. फ्रेंच युद्धनौका व त्यांचा मालवाहू काफिला एकमेकांपासून दूर झाल्याचे पाहताच त्याने काफिल्यावर झडप घालून अनेक जहाजे पकडली. त्यांत सैनिक व युद्धसामग्री नेणारे एक मोठे जहाज होते.

१२ एप्रिल रोजी सिलोनच्या किनाऱ्यावर प्रोव्हिडियन बेटापाशी दुसरी लढाई झाली. फ्रेंच बारा आणि इंग्रज अकरा. येथे ह्यूजची चूक झाली. त्रिंकोमालीस पोहोचण्याच्या घाईत तो किनारा आणि शत्रू यांच्यामध्ये सापडला. ‘मॉनमथ’ जहाजाच्या डोलकाठ्या पडल्या. प्रत्येक बाजूचे १३७ सैनिक ठार झाले; परंतु रात्र पडली आणि निर्णय झाला नाही.

तिसरी लढाई ६ जुलै रोजी नागपट्टणसमोर झाली. या वेळी दोन्ही बाजूंस प्रत्येकी अकरा जहाजे होती आणि वाऱ्याची अनुकूल बाजू ह्यूजकडे होती. मध्येच वारा फिरून दोन्ही रांगा विस्कळीत झाल्या. फ्रेंच जहाज ‘सेव्हेर’च्या कप्तानाने निशाण खाली उतरविले; मात्र त्याच्याच हाताखालील अधिकाऱ्यांनी ते मान्य न करता लढाई चालू ठेवून जहाज वाचविले. फ्रेंचांचे १७८ ठार व ६०१ जखमी, तर इंग्रजांचे ७७ ठार व २३३ जखमी झाले. केवळ आकडे पाहिले तर ही ह्यूजची सर्वांत यशस्वी लढाई होय आणि फ्रेंचांना नागपट्टण परत घेता आले नाही हेही खरे.

परंतु लढाईनंतरचे सहा आठवडे लढाईपेक्षा अधिक बोलके ठरले. सुफ्रेन कडलूर येथे गेला, तेथे त्याने अपुऱ्या साधनांनिशी जहाजे दुरुस्त केली, २६ जुलै रोजी हैदरअलीची भेट घेतली आणि १ ऑगस्टला नांगर उचलला. ह्यूज मद्रासला दुरुस्तीसाठी गेला आणि २० ऑगस्टपर्यंत तेथेच राहिला. या अवधीत दोन नव्या जहाजांची कुमक मिळताच सुफ्रेन त्रिंकोमालीसमोर उतरला आणि ३१ ऑगस्टपर्यंत तेथील दोन्ही किल्ले त्याने घेतले. ह्यूज २ सप्टेंबर रोजी तेथे पोहोचला, तेव्हा किल्ल्यांवर फ्रेंच निशाण फडकत होते. दोन दिवसांच्या विलंबाने इंग्रजांनी त्या किनाऱ्यावरील सर्वोत्तम बंदर गमावले.

दुसऱ्याच दिवशी, ३ सप्टेंबरला, चौथी लढाई झाली. सुफ्रेनजवळ चौदा व ह्यूजजवळ बारा जहाजे होती. ह्यूजने शांतपणे माघार घेत शत्रूला बंदरापासून दूर ओढले आणि आपली रांग घट्ट राखली. फ्रेंच रांग मात्र नीट जुळण्यापूर्वीच तोफा सुरू झाल्या. सुफ्रेनचे ‘एरो’ आणि त्याच्या साथीची दोन जहाजे तेवढी इंग्रजांच्या मध्यभागाशी भिडली. बाकीची दूरच राहिली. ‘एरो’ची मुख्य डोलकाठी कोसळली आणि तिच्यासह निशाणही पडले. सुफ्रेन पकडला गेला नाही, हेच फ्रेंचांचे सुदैव. या लढाईत शिस्त, संयम आणि जहाजे हाताळण्याचे कौशल्य या बाबतींत ह्यूज व त्याचे कप्तान निःसंशय सरस ठरले.

चौथी कसोटी : सहकारी

सुफ्रेनच्या अपयशाचा दोष त्याच्या कप्तानांवर टाकण्याची प्रथा जुनी आहे आणि तिला आधारही आहे. नागपट्टणनंतर त्याने काही कप्तानांना पदावरून दूर केले. त्रिंकोमालीनंतर आणखी चार जण निघून गेले. तथापि येथे अभ्यासकाने थांबून विचार करावयास हवा. एकाच सेनानीचे सहकारी एकामागून एक चार लढायांत त्याच्या मागे उभे राहत नाहीत, तेव्हा सर्व दोष सहकाऱ्यांचाच असतो काय?

सुफ्रेनची लढण्याची पद्धत नवी होती. कप्तानांच्या अंगवळणी जुनी रीत होती. नवी पद्धत राबवावयाची तर ती आधी समजावून सांगणे, तिचा सराव करून घेणे आणि ऐन वेळी संकेत दिसले नाहीत तर काय करावे हे ठरवून देणे आवश्यक होते. सुफ्रेन रागीट व उतावीळ होता. आपला बेत सहकाऱ्यांना विश्वासात घेऊन उलगडून सांगण्याकडे त्याचा कल कमी होता. शत्रू दिसताच तोफा डागण्याची त्याची उत्सुकता इतकी तीव्र असे की, रांग जुळण्याची वाटही तो कधी कधी पाहत नसे. सेनानीच्या मनात उत्तम योजना असणे वेगळे आणि ती हाताखालच्या माणसांच्या मनात उतरणे वेगळे. ह्यूजजवळ तशी प्रतिभा नव्हती. परंतु त्याच्या कप्तानांना काय करावयाचे आहे हे नेमके ठाऊक असे आणि ते तसे करीत. अनेक इंग्रज कप्तान आपल्या जागी लढता लढता मारले गेले. पण रांग तुटली नाही. त्याच्या पद्धतीचे साधेपण हे त्याच्या आरमाराचे सामर्थ्यही होते.

पाचवी कसोटी : परिणाम

१७८२ च्या ऑक्टोबरात दोन्ही आरमारांना किनारा सोडावा लागला. ह्यूज दुरुस्तीसाठी मुंबईस गेला, सुफ्रेन सुमात्रा बेटातील आचे येथे. दरम्यान १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने मराठ्यांचे इंग्रजांशी असलेले युद्ध संपले होते आणि ७ डिसेंबर १७८२ रोजी हैदरअली मृत्यू पावला. म्हणजे सुफ्रेनच्या पराक्रमाला जमिनीवर ज्या संयुक्त आघाडीचा आधार मिळावयाचा, ती त्याच्या डोळ्यांदेखत विरघळत होती. कोणत्याही नौसेनानीला ही गोष्ट रोखता येण्यासारखी नव्हती. म्हणून तिचा हिशेब त्याच्या नावावर मांडणे अन्यायाचे होईल.

तरीही जून १७८३ मध्ये सुफ्रेनने आपली सर्वोत्तम कामगिरी करून दाखविली. जनरल स्टुअर्टच्या इंग्रज सैन्याने कडलूर येथे फ्रेंच सेनापती बुसी याला वेढले होते आणि ह्यूजचे अठरा जहाजांचे आरमार वेढ्याला समुद्राकडून आधार देत होते. सुफ्रेनजवळ जहाजे पंधरा आणि खलाशी अपुरे. त्याने वाऱ्याचा अचूक उपयोग करून ह्यूजला नांगराच्या जागेवरून हलविले, स्वतः कडलूरसमोर ती जागा घेतली, बुसीच्या सैन्यातील १,२०० माणसे जहाजांवर चढविली आणि २० जून रोजी आपणहून हल्ला केला. या वेळी त्याच्या कप्तानांनी आज्ञा पाळली. तोफांच्या मारामारीत कोणाचीही सरशी झाली नाही. परंतु ह्यूजच्या जहाजांवर पिण्याच्या पाण्याची टंचाई होती आणि स्कर्व्हीच्या रोगाने खलाशी अंथरुणास खिळले होते. तो मद्रासकडे परतला. वेढा घालणारे सैन्यच आता अडचणीत आले. इतक्यात २९ जून रोजी युरोपात तह झाल्याची वार्ता येऊन धडकली आणि युद्ध थांबले. शेवटच्या तहात त्रिंकोमाली डचांना परत मिळाले, नागपट्टण मात्र इंग्रजांकडेच राहिले.

अशा रीतीने ह्यूजने आरमार राखले आणि मद्रास राखले. त्याचे मुख्य काम साधले. सुफ्रेनने त्रिंकोमाली घेतले, कडलूर वाचविले आणि बंदर व गोदी यांवाचून आपले आरमार शत्रूच्या दारात टिकवून धरले. परंतु शत्रूचे आरमार नष्ट करण्याचा त्याचा मुख्य हेतू सफल झाला नाही.

निष्कर्ष

अमेरिकन नौदल अधिकारी व इतिहासकार आल्फ्रेड थेयर माहान यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या सागरी सत्तेवरील ग्रंथात या मोहिमेचा बारकाईने अभ्यास केला आणि सुफ्रेनला फार वरचे स्थान दिले. ह्यूजच्या चिकाटीची आणि दर्यावर्दी कौशल्याचीही त्यांनी योग्य ती नोंद घेतली. उपलब्ध पुराव्याकडे पाहता हा कौल मूलतः योग्य वाटतो. तथापि तो जसाच्या तसा न स्वीकारता पुढीलप्रमाणे मांडणे अधिक न्याय्य होईल.

परिस्थितीचे मर्म ओळखणे, पुढाकार आपल्या हाती ठेवणे, वेळेचे मोल जाणणे आणि साधनांच्या अभावावर मात करणे या गुणांत सुफ्रेन श्रेष्ठ होता. पाचपैकी चार लढायांत आक्रमण त्याचेच होते. जुलै-ऑगस्ट १७८२ मधील त्याची हालचाल तर कोणत्याही काळच्या सेनानीला आदर्श वाटावी अशी आहे. जहाजांची शिस्त, संयम आणि सहकाऱ्यांशी असलेला मेळ या गुणांत ह्यूज सरस होता. त्याचा मोठा दोष म्हणजे मंदपणा. सुफ्रेनचा मोठा दोष म्हणजे उतावीळपणा आणि सहकारी घडविण्याकडे झालेले दुर्लक्ष. पहिल्या दोषामुळे एक बंदर गेले. दुसऱ्यामुळे निर्णायक विजयाच्या निदान दोन संधी गेल्या.

प्रतिस्पर्ध्यांचे मत काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. मायदेशी परतताना सुफ्रेन आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला थांबला असता तेथे आलेल्या इंग्रज कप्तानांनी त्याच्या जहाजावर जाऊन त्याला मानवंदना दिली. ज्यांनी त्याच्या तोफांचा मारा सोसला होता, त्यांचाच हा अभिप्राय होता.

शाळेत हा विषय शिकविताना शिक्षकांना फळ्यावर एक साधा तक्ता करता येईल. उभ्या रकान्यांत पाच लढाया. आडव्या ओळींत दोन्ही बाजूंची जहाजे, वाऱ्याची बाजू, पुढाकार कोणाचा, आज्ञापालन कसे झाले आणि लढाईनंतर काय घडले. विद्यार्थ्यांनी तक्ता भरल्यानंतरच ‘श्रेष्ठ कोण’ हा प्रश्न विचारावा. उत्तरे भिन्न येतील. परंतु प्रत्येक उत्तरामागे कारण असेल आणि कारणासह मत मांडण्याची सवय हाच या पाठाचा लाभ होय.

माणसाच्या कार्याचे मूल्यमापन करण्याचा प्रसंग केवळ इतिहासकारावर येतो असे नाही. कचेरीतील अधिकारी, शाळेतील मुख्याध्यापक, पंचायतीचे सदस्य यांनाही तो वारंवार येतो. एका गावात विहीर झाली आणि दुसऱ्यात झाली नाही, एवढ्यावरून पहिला कार्यकर्ता कर्तबगार आणि दुसरा निष्क्रिय असा शेरा मारणे सोपे असते. पहिल्याला गोदी होती की नाही, दुसऱ्याला कोणता वारा आडवा आला, हाताखालच्यांना काम समजावून दिले होते काय आणि संधी आली तेव्हा कोण वेळेवर पोहोचले, हे प्रश्न विचारल्यावाचून दिलेला निर्णय पुरता होत नाही. ह्यूजला मुंबईची गोदी होती. सुफ्रेनला ती नव्हती. ही एक ओळ हिशेबात धरली म्हणजे दोघांच्याही गुणदोषांना त्यांचे खरे वजन प्राप्त होते.